न जिंकलेल्यांचा हिशेब

‘आलेल्या सर्व प्रवेशिकांवर आयोजकांचा हक्क राहील.’ स्पर्धेच्या जाहिरातीत हे वाक्य सगळ्यात खाली असतं आणि ते वाचायला चष्मा पुसावा लागतो. आमच्या शेजारची मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने दिवाळी फराळाच्या डब्यासाठी लोकांकडून चित्रं मागवली होती. तिने तीन आठवडे खपून आकाशकंदिलाच्या घड्यांवरून सुचलेलं एक डिझाइन केलं आणि पाठवलं. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर. नोकरीसाठी स्वतःच्या कामांची फाइल लावताना हे डिझाइन त्यात घालू का, असं तिने कंपनीला मेलवर विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं : कृपया नियम क्रमांक ९ पाहावा.

स्पर्धा हरली हे ठीक. पण चित्रही गेलं. कंपनी ते छापणार नाही, आणि तिलाही कुठे दाखवता येणार नाही.

कंपन्यांनी आपलं काम, आपले प्रश्न किंवा आपल्याला हवी असलेली माहिती जाहीरपणे सगळ्यांपुढे टाकायची आणि येईल ते उचलायचं, या पद्धतीला क्राउडसोर्सिंग म्हणतात. हा शब्द जेफ हाउ या पत्रकाराने ‘वायर्ड’ मासिकात जून २००६ मध्ये रूढ केला. आउटसोर्सिंगमध्ये काम बाहेरच्या एका ठरलेल्या माणसाकडे जातं, त्याच्याशी करार होतो, बिल निघतं. इथे काम कुणाकडेही जातं, म्हणजे कुणाच्याच नावाने जात नाही. पद्धत मात्र शब्दाहून फार जुनी. समुद्रात जहाजाचे रेखांश कसे काढायचे, यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं इनाम लावलं होतं, आणि उत्तर सापडलं ते जॉन हॅरिसन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीकडे.

अशा गोष्टी सांगताना आपण नेहमी हॅरिसनचीच सांगतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही जिंकणाऱ्याचा फोटो असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही पद्धत बरी की वाईट हे जिंकणाऱ्याकडे बघून कधीच कळणार नाही. त्याचं बरंच झालेलं असतं. हजारातल्या उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांकडे बघावं, आणि खेळ संपल्यावर त्यांच्या हातात काय उरलं ते विचारावं.

या कसोटीवर काही उदाहरणं लावून बघू. रुपयाचं चिन्ह घ्या. केंद्र सरकारने २००९ मध्ये त्यासाठी खुली स्पर्धा घेतली, तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचं चिन्ह निवडलं. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ आणि वर शिरोरेषा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी पीएच.डी. केली होती. चिन्ह उत्तमच आहे. त्यांना अडीच लाख रुपये मिळाले. एका देशाचं चलनचिन्ह अडीच लाखांत, हा व्यवहार कुणाला स्वस्त पडला हे सांगायची गरज नाही. आणि या स्पर्धेत भाग घेण्यासाठी स्पर्धकालाच ५०० रुपये भरावे लागले होते. म्हणजे न जिंकलेल्याच्या हातात उरलं ते वजा ५००.

पुढे सरकारने शुल्क घेणं सोडलं, हे बरं केलं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह असंच लोकांकडून मागवलं आणि कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढलेला गांधीजींचा चष्मा निवडला गेला. बक्षीस ५०,००० रुपये. आज तो चष्मा नोटेच्या पाठीमागे आहे, घंटागाडीवर आहे, सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवरही आहे. कोल्हापूरकरांनी अभिमान बाळगावा आणि तो ते बाळगतातच. पण एखादी व्यावसायिक जाहिरात संस्था एवढ्या वापराच्या चिन्हासाठी किती आकार लावेल, याचा अंदाज या धंद्यातल्या कुणालाही विचारून पाहा. ‘देशासाठी’ म्हटलं की दर विचारायला माणूस लाजतो. कंपन्यांनी ही लाज बरोबर हेरली आहे. त्या ‘देश’ म्हणत नाहीत, ‘आपली कम्युनिटी’ म्हणतात.

आता चांगलं उदाहरण. नेटफ्लिक्स २००६ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवणारी कंपनी होती. कोणत्या ग्राहकाला कोणता चित्रपट आवडेल याचा अंदाज बांधणारी त्यांची प्रणाली होती. तिच्या अंदाजात १० टक्के सुधारणा करून दाखवा आणि १० लाख डॉलर न्या, अशी स्पर्धा त्यांनी त्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केली. ग्राहकांनी दिलेली दहा कोटी गुणांकनं खुली केली. जगभरातून ४०,००० पेक्षा जास्त गट उतरले. जवळजवळ तीन वर्षं चाललेल्या या झटापटीचा शेवट असा झाला की, दोन गटांची सुधारणा नेमकी सारखीच भरली आणि दुसऱ्या गटाने उत्तर फक्त वीस मिनिटं उशिरा पाठवलं होतं. वीस मिनिटांसाठी दहा लाख डॉलर गेले! आपल्याकडे याला नशीब म्हणून सोडून देतात. तिथेही तसंच म्हटलं असावं.

गंमत अशी की, जिंकलेली अंतिम पद्धत नेटफ्लिक्सने पूर्णपणे वापरलीच नाही. ती बसवायला जेवढे कष्ट लागणार होते तेवढा फायदा दिसत नव्हता, आणि तोवर कंपनी डीव्हीडीकडून थेट इंटरनेटवर चित्रपट दाखवण्याकडे निघाली होती. मधल्या टप्प्यावरच्या बक्षिसातून मिळालेल्या दोन पद्धती मात्र त्यांनी वापरल्या. तरीही मी ही स्पर्धा चांगली म्हणतो, आणि तेसुद्धा नियमांमुळे. जिंकणाऱ्याने आपली रीत जाहीर करायची आणि नेटफ्लिक्सला ती वापरायची परवानगी द्यायची होती. पण ती परवानगी एकट्या नेटफ्लिक्सपुरती नव्हती, मालकी करणाऱ्याकडेच राहत होती. हरलेल्या गटांनी आपापले निबंध छापले आणि त्या गणितावर नोकऱ्या मिळवल्या. आज कुठलंही दुकानी ॲप ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणतं, त्यामागच्या विद्येचा बराच भाग त्या तीन वर्षांत सगळ्यांसमोर घासूनपुसून निघाला. वीस मिनिटांनी हुकलेल्यांच्या हातात दहा लाख डॉलर नव्हते, पण विद्या होती आणि ती त्यांचीच होती.

याच स्पर्धेत हरणारे आणखीही होते, त्यांना कुणी खेळायला बोलावलंच नव्हतं. खुल्या केलेल्या गुणांकनांमधून नावं काढून टाकली होती. पण टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी त्यांचा मेळ दुसऱ्या संकेतस्थळावरच्या जाहीर अभिप्रायांशी घातला आणि काही माणसं ओळखता येतात हे दाखवून दिलं. कोर्टकचेरी झाली आणि दुसरी नियोजित स्पर्धा कंपनीने २०१० मध्ये रद्द केली. गर्दीला काम देताना दुसऱ्याच एका गर्दीची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आली होती.

हरणाऱ्याच्या हातात काहीतरी भरीव उरलं अशा स्पर्धेचं सर्वात स्वच्छ उदाहरण मात्र कुठल्या कंपनीचं नाही आणि ते आपल्याच मातीतलं आहे. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वॉटर कप सुरू केला तेव्हा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीनच तालुक्यांतली गावं होती, एकूण ११६. ज्या गावाचं पाणलोटाचं काम सर्वात चांगलं त्याला ५० लाख. कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं. आता उरलेल्या गावांचा विचार करा. ऐन उन्हाळ्यात दीड-दोन महिने माणसं भल्या पहाटे टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर गेली, समतल चर खणले, दगडी बांध घातले. बक्षीस नाही आलं. पण चर कुठे गेले? ते तिथेच आहेत, गावच्या डोंगरावर. पाऊस पडला तर पाणी जिंकलेल्या गावात मुरणार आणि न जिंकलेल्या गावात मुरणार नाही, असा पक्षपात जमीन करत नाही. उद्या आयोजकांनी नियम काढला असता की ‘स्पर्धेत खणलेल्या सर्व चरांवर आयोजकांचा हक्क राहील’, तर गावाने त्यांना हसून वाटेला लावलं असतं. चित्राच्या, कल्पनेच्या, माहितीच्या बाबतीत मात्र हाच नियम आपण मुकाट्याने सही करून टाकतो. चर डोळ्यांना दिसतो, कल्पना दिसत नाही, एवढाच फरक.

स्पर्धेत निदान दोन बाजू समोरासमोर तरी असतात. मला जास्त काळजी वाटते ती थेंबाथेंबाने होणाऱ्या क्राउडसोर्सिंगची. त्यात स्पर्धा नाही, बक्षीस नाही, आपण काम करतोय हेसुद्धा कळत नाही.

मोबाइलवरचा नकाशा घ्या. आपल्याकडचा पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी, जिन्याखालचं दार’. उपग्रहाला देऊळ दिसतं, पण ते मारुतीचं आहे की म्हसोबाचं हे दिसत नाही. ते सांगायला गावचं माणूस लागतं. गूगलने २००८ मध्ये मॅप मेकर नावाची सोय काढली, कुणीही बसावं आणि आपल्या भागातले रस्ते, शाळा, दवाखाने नकाशावर काढावेत. ती उभी करण्यात ललितेश कात्रगड्डा यांच्यासारख्या गूगलच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता, कारण अडचण इथलीच होती. चांगला नकाशा तयार मिळतच नव्हता. लोकांनी अक्षरशः गल्ल्या ओतल्या. २०१३ मध्ये कंपनीने भारतात ‘मॅपेथॉन’ नावाची नकाशास्पर्धाही घेतली, तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाने संवेदनशील ठिकाणांच्या नोंदींवरून पोलिसांकडे तक्रार केली. देशाचा नकाशा कुणी काढायचा याची ती भांडणं होती. नकाशा कुणाचा होणार हे त्या गदारोळात कुणी फारसं विचारलं नाही.

मॅप मेकर २०१७ मध्ये बंद झालं आणि त्यातली कामं मुख्य नकाशात मिसळली गेली. त्यानंतर लोकांना ‘लोकल गाइड’ म्हणून गुण आणि बिल्ले मिळतात. २०१८ मध्ये गूगलने आपला नकाशा इतरांच्या ॲपमध्ये वापरण्याचे दर बदलले आणि मोफत मर्यादा एकदम आखडली. भाजी घरपोच देणाऱ्या छोट्या ॲपवाल्याला, रिक्षावाल्यांच्या ॲपवाल्याला बिल यायला लागलं. ज्या गल्लीचं नाव त्यानेच कधीतरी फुकट टाइप केलं असेल, त्या गल्लीपर्यंत जायचे पैसे. आणि दर पुन्हा उतरले कधी? जुलै २०२४ मध्ये ओलाने गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा काढला. वर्षाला १०० कोटी वाचतील असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि त्याच महिन्यात गूगलने भारतासाठी ७० टक्क्यांपर्यंत दरकपात जाहीर केली. दर लोकांच्या श्रमाची आठवण होऊन उतरले नाहीत. समोर दुसरं दुकान उघडलं म्हणून उतरले.

धंद्याच्या दृष्टीने गूगलने यात चूक काय केली? काहीच नाही. उपग्रहाची चित्रं, सर्व्हर, रस्त्यारस्त्यावर फिरणाऱ्या गाड्या, वाहतुकीचं गणित यावर त्यांनी अफाट पैसा घातला आहे, आणि तुम्ही-मी तो नकाशा रोज विनामूल्य वापरतो. लोकांनी भरलेल्या गल्ल्यांशिवायही त्यांनी नकाशा केला असता, कदाचित उशिरा आणि महागात. हे सगळं मान्य. तरी एक प्रश्न राहतोच. तुम्ही घातलेली गल्ली तुम्हाला परत उचलून दुसरीकडे नेता येते का? नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर येते. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेल्या या नकाशात जे भराल ते सगळ्यांचं असतं. श्रेय द्या, भर घातलीत तर तीही खुली ठेवा, एवढ्या अटीवर कुणीही संपूर्ण नकाशा उतरवून घ्यावा. तिथेही पैसे मिळत नाहीत, बिल्लेसुद्धा नाहीत. पण उद्या ती संस्था बुडाली तरी तुमची गल्ली बुडत नाही.

गल्ली कशी बुडते याचं जुनं उदाहरण आहे, आणि ते फार लोकांना आठवत नाही. नव्वदच्या दशकात संगणकात सीडी घातली की गाण्यांची नावं दिसत नसत, ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ एवढंच. मग टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांनी सीडीडीबी नावाची यादी सुरू केली. ज्याच्याकडे जी सीडी असेल त्याने गाण्यांची नावं टाइप करायची, पुढच्याला ती आयती मिळायची. जगभरातल्या हौशी माणसांनी लाखो नावं टाइप केली. १९९८ मध्ये ती यादी एका कंपनीकडे गेली, पुढे तिचं नाव ग्रेसनोट झालं आणि वापरण्याच्या अटी आवळल्या गेल्या. २००८ मध्ये सोनीने ती २६ कोटी डॉलरना घेतली आणि २०१६ च्या अखेरीस नील्सनने ५६ कोटी डॉलरचा सौदा केला. टाइप करणाऱ्यांना यातलं काय मिळालं? राग मिळाला. त्या रागातून फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ या खुल्या याद्या उभ्या राहिल्या.

इथे कुणी म्हणेल, कुणी गळा धरला होता का? हौसेने केलं, मजा आली, विषय संपला. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण हौस ही खरी गोष्ट आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, तिथे रात्र-रात्र जागून तालुक्यांचे, किल्ल्यांचे, पक्ष्यांचे लेख लिहिणाऱ्यांना एक पैसा मिळत नाही आणि मागावासाही वाटत नाही. फुकट काम करण्याविरुद्ध माझी तक्रारच नाही. फुकट केलेल्या कामाला नंतर कुलूप लागतं, त्याविरुद्ध आहे. विकिपीडियावरचा लेख लिहिणाऱ्यालाही परत वापरता येतो, त्याच्या शत्रूलाही वापरता येतो. तिथे न जिंकलेला असा कुणी उरतच नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण नकाशे किंवा गाणी नाहीत. कारण आहे आवाज. मराठीत बोलणारी, ऐकणारी, उत्तरं देणारी यंत्रं बनवायची तर मराठी माणसांचे तासन्‌तास आवाज लागतात आणि कोण काय बोललं याची अक्षरशः नोंद लागते. हा माल पुस्तकातून मिळत नाही. तो पुणेरी लागतो तसा वऱ्हाडीही लागतो, अहिराणीकडे झुकलेला लागतो, मालवणी हेल असलेला लागतो. आज जगभरच्या कंपन्या गर्दीकडून जे मागतायत त्यात आपल्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट ही आहे, आणि आपल्याला तिचा भाव ठाऊक नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी मराठी बोलण्याचे नमुने तीन गटांकडून गोळा केले : ग्रामीण भागातली कमी उत्पन्नाची माणसं, शहरातली कमी उत्पन्नाची माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण ३६ जण, १०९ तास. असं काम सहसा विद्यार्थ्यांना दिलं जातं. निष्कर्ष असा निघाला की, गरीब माणसांनी दिलेल्या नमुन्यांचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा होता. म्हणजे हे काम खेड्यात, पैसे देऊन, नीट करून घेता येतं. त्याच प्रवाहातून पुढे ‘कार्या’ ही संस्था उभी राहिली. ती कामाचे ताशी किमान पाच डॉलर देण्याचं धोरण सांगते, आणि तीच माहिती पुन्हा विकली गेली तर बोलणाऱ्यालाही वाटा देते. पाच डॉलर म्हणजे साधारण चारशे रुपये तास. शेतमजुरीचा दिवसभराचा रोज बऱ्याच ठिकाणी तेवढाच किंवा त्याहून कमी असतो.

दुसरीकडे सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ आहे. वाक्य वाचा, ऐका, लिहा आणि आपल्या भाषेला दान करा. उपक्रमाचा हेतू मला पटतो, मीही तिथे काही वाक्यं वाचली आहेत. (माझा ‘ळ’ यंत्राला कळला का, देव जाणे.) पण दान हा शब्द आपल्याकडे फार जपून वापरायचा आहे. दान सत्पात्री असावं लागतं, आणि घेणाऱ्याने ते बाजारात बसून विकायचं नसतं. देवळाला दिलेली समई पुजाऱ्याने घरी नेली तर गाव सभा बोलावतं. तेव्हा दान म्हणून घेतलेला प्रत्येक तास कायम खुला राहिला पाहिजे, छोट्यातल्या छोट्या मराठी ॲपवाल्याला तो मोफत मिळाला पाहिजे आणि कोणत्या कंपनीने तो कशासाठी उचलला याची नोंद जाहीर लागली पाहिजे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात आवाज असेच सर्वांसाठी खुले केले गेले, त्यात मराठीही आहे. दान म्हणायचं तर अशी पावती द्या. पावती द्यायची नसेल तर मजुरी द्या.

आणि नाव? आवाजाच्या साठ्यात बोलणाऱ्याचं नाव नसतं, गुप्ततेसाठी ते योग्यही आहे. पण मराठीत लोकांकडून आवाज गोळा करण्याचं एक वेगळं काम आधीच झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या वाचताना प्रत्येकीचं नाव, गाव, कामधंदा सोबत येतो. ओवी कुणाची ते कळतं. तिथल्या बायका कुठली स्पर्धा खेळत नव्हत्या, दळत होत्या. तरी त्यांच्या हातात नाव उरलं. ज्याला नाव हवंय त्याला ते देण्याची सोय ठेवणं तंत्रज्ञानाला काही जड नाही.

मग वाटाच द्या सगळ्यांना, असं म्हणून हा प्रश्न सुटतो का? तेही इतकं सोपं नाही. न्यूयॉर्कच्या क्वर्की या कंपनीने नेमकं तेच केलं होतं. लोकांनी वस्तूंच्या कल्पना द्यायच्या, लोकांनीच निवडायच्या, कंपनी बनवणार आणि विक्रीतला हिस्सा कल्पना देणाऱ्यांना वाटणार. २००९ मध्ये सुरू झाली, २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कल्पनांचा तुटवडा नव्हता, उलट फार होत्या. त्या सगळ्या बनवून, गोदामात भरून, दुकानात खपवणं परवडलं नाही. ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगोने हेच काम आवरतं घेतलं. एखाद्याच्या रचनेला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तरच कंपनी ती तपासते, बाजारात आणली तर करणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का देते. एक टक्का थोडा वाटतो खरा. पण तो आधी सांगितलेला असतो आणि विक्रीशी बांधलेला असतो.

वाट्याची गोष्ट निघाली की मला आपला सहकारी साखर कारखाना आठवतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला तेव्हाही प्रश्न हाच होता : हजारो माणसं थोडाथोडा कच्चा माल आणून घालतात, मग कारखाना कुणाचा? उत्तर निघालं, माल घालणाऱ्याचा. त्याच्याकडे भाग, मत आणि वार्षिक सभेत उठून ओरडायचा हक्क. पुढे या कारखान्यांचं काय झालं, ते मी कुणा मराठी वाचकाला सांगावं असं नाही. काटामारी हा तिथला नेहमीचा शब्द झाला. पण एक लक्षात घ्या, काटामारीची तक्रार करता येते, कारण काटा आहे. उसाची गाडी आत गेली की वजन होतं, पावती मिळते, टनाला भाव जाहीर होतो, मग तो कमी का म्हणून आंदोलन होतं, रस्ता अडवला जातो. तुम्ही नकाशात घातलेली गल्ली, हॉटेलवर लिहिलेला अभिप्राय, यंत्राचं चुकलेलं मराठी सुधारून दिलेलं वाक्य, यांना काटाच नाही. वजन झालेलंच नाही तर भाव कशाचा मागणार?

या आवाजांचं, गल्ल्यांचं वजन करणारी व्यवस्था एका रात्रीत उभी राहणार नाही. पण स्पर्धांच्या बाबतीत आजच करता येण्यासारखं काहीतरी आहे, आणि कायदा त्याच्या बाजूचाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत मूळ कलावंताकडे जातो. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा हक्क तर हक्क विकल्यावरही कलावंताकडेच राहतो. कायदा करणाऱ्यांनी न वापरलेल्या चित्राचा विचार १९९४ च्या दुरुस्तीतच करून ठेवला होता. नियमावली लिहिणारे वकील तो ‘कायमस्वरूपी, जगभर, विनाअट’ या तीन शब्दांनी पुसून टाकतात, आणि विशीतली मुलं ‘मला नियम मान्य आहेत’ या चौकोनात टिचकी मारतात.

कंपन्या म्हणतात, हारलेल्या प्रवेशिकांवर हक्क सोडला तर उद्या कुणी ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून दावा लावेल. भीती अगदीच खोटी नाही, दोन माणसांना एकच आकाशकंदील सुचू शकतो. पण त्यावर उपाय मालकी हा नाही. ‘स्वतंत्रपणे सुचलेल्या साम्याबद्दल दावा करणार नाही’ एवढं लिहून घेतलं की काम भागतं. चोराच्या भीतीने शेजाऱ्याचं घर आपल्या नावावर करून घ्यायचं नसतं.

सुरुवात सरकारी स्पर्धांपासून व्हावी. बोधचिन्ह, घोषवाक्य, शुभंकर, अभियानाचं गाणं... मंत्रालयापासून नगरपालिकेपर्यंत दर महिन्याला कुठेतरी प्रवेशिका मागवल्या जातात, आणि खाजगी कंपन्या पुष्कळदा त्यांचीच नियमावली थोडी फिरवून वापरतात. राज्य सरकारने एक शासन निर्णय काढून आपल्या सर्व विभागांच्या स्पर्धांसाठी शेवटचं वाक्य बदलावं. मसुदा मी फुकट देतो, त्यावर माझा काही हक्क नाही :

‘निवड झालेल्या प्रवेशिकेचे हक्क मोबदला अदा झाल्यानंतर आयोजकांकडे येतील. निवड न झालेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क स्पर्धकाकडेच राहतील, व त्या कोठेही प्रसिद्ध करण्यास त्यास मोकळीक असेल.’ अक्षर जाहिरातीतल्या बाकीच्या अक्षरांएवढंच ठेवावं.